बोंडअळीला नाक नाही, तिचे रक्तही लाल नाही. मग प्राणवायू तिच्या शरीरभर पोहोचतो कसा?

प्रश्न : पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. आमची कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिके. वावरात किडींकडे पाहता पाहता काही प्रश्न मनात साठले आहेत, ते इथे मांडतो.

हिरवी बोंडअळी चिरडली की हिरवट-पिवळसर पाणी निघते, लाल रक्त कधीच दिसत नाही. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे रक्त लाल असते, असे आपण शाळेत शिकलो. मग अळीच्या शरीरात ते काम कोण करते? दुसरे असे की, गुरांच्या पाण्याच्या टाक्यात पडलेला एक नाकतोडा मी पाहिला. त्याचे डोके पाण्याबाहेर होते, तरीही तो निपचित पडला होता, आणि धुऱ्यावर काढून ठेवल्यावर बऱ्याच वेळाने पुन्हा चालू लागला. डोके बाहेर असताना त्याचा श्वास का कोंडावा? तिसरा प्रश्न व्यवहारातला आहे. साबणाचे पाणी किंवा तेल फवारले की मावा आणि पिठ्या ढेकूण गुदमरून मरतात, असे आमच्याकडे सांगितले जाते. हे खरे असेल तर तोच उपाय बोंडअळीवर का चालत नाही? विंचू, खेकडा, गांडूळ हे जीव श्वास कसा घेतात, याविषयीही कोणी लिहिले तर फार बरे होईल.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र (वर्धा)

भाऊ, तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. कीटकाच्या शरीरात हवा स्वतः पेशींच्या दारापर्यंत जाते, त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याच्या रक्ताला बहुधा करावेच लागत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत श्वसन म्हणजे फुप्फुस आणि रक्त असा धडा आधी येतो आणि कीटकांचा उल्लेख शेवटी दोन ओळींत उरकला जातो. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक कीटक आहेत, हे लक्षात घेता त्यांना एवढी थोडी जागा देणे मला कधीच पटलेले नाही.

अळी आडवी धरून भिंगातून पाहिली, तर तिच्या दोन्ही कुशींवर बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. पूर्ण वाढलेली टसरची अळी एवढी मोठी असते की हे ठिपके भिंगाशिवायही ओळखता येतात. हीच श्वासरंध्रे होत. पतंगांच्या अळ्यांमध्ये त्यांच्या नऊ जोड्या असतात, एक डोक्याच्या लगेच मागे आणि आठ पोटावर. नाकतोड्याला दहा जोड्या असतात, त्यांपैकी दोन छातीवर आणि आठ पोटावर. डोक्यावर एकही नसते. तुमच्या टाक्यातील नाकतोड्याचे डोके बाहेर होते, परंतु छाती आणि पोट पाण्यात होते. म्हणजे ज्या वाटेने तो श्वास घेतो ती वाट पाण्याखाली गेली होती. तरीही तो वाचला, कारण रंध्रांना बंद होणारी झडप असते, रंध्राच्या कडा मेणचट असतात आणि पाणी सहसा आत शिरत नाही. प्राणवायू संपत गेला म्हणून तो निश्चेष्ट झाला. हवा मिळताच शरीराचे व्यवहार पुन्हा सुरू झाले. झुरळाचे डोके तुटल्यावरही ते काही दिवस जगते, यामागेही हेच कारण आहे. त्याचा श्वास डोक्यातून होत नाही, आणि श्वासाच्या हालचालींवर छाती-पोटातील मज्जागाठींचेच (मज्जापेशींच्या पुंजक्यांचेच) बरेचसे नियंत्रण असते.

प्रत्येक रंध्रातून एक श्वासनलिका आत जाते. तिच्या भिंतीला आतून वळ्यावळ्यांचा ताठरपणा असतो, त्यामुळे शरीर कसेही वळले तरी ती चेपत नाही. पुढे तिला फांद्या फुटत जातात आणि शेवटच्या फांद्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक होतात. या सूक्ष्म नलिका स्नायू, आतडे, मज्जागाठी अशा प्रत्येक अवयवापर्यंत पोहोचतात, आणि उडताना प्रचंड प्राणवायू लागणाऱ्या पंखांच्या स्नायूंमध्ये तर त्या पेशींच्या अंगात रुतलेल्या असतात. ठिबकची नळी जशी पाणी थेट झाडाच्या मुळाशी सोडते, तशी ही रचना हवा थेट पेशीशी सोडते. हे शक्य होते, कारण प्राणवायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे 10,000 पट वेगाने पसरतो. लहान अळीला तर फारशी हालचालही करावी लागत नाही. आत प्राणवायू खर्च होतो, बाहेर तो जास्त असतो, आणि त्या फरकामुळेच तो आत येत राहतो. ही पसरण लहान कीटकांना पुरेशी ठरते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1920 मध्ये मोजमाप करून दाखवले. त्याच वर्षी त्यांना केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले.

मोठ्या किंवा खूप उडणाऱ्या कीटकांना एवढ्याने भागत नाही. शांत बसलेला नाकतोडा निरखून पाहा, त्याचे पोट लयीत आत-बाहेर होताना दिसेल. तो पोट दाबून आतील हवेच्या पिशव्या रिकाम्या करतो आणि सैल सोडून भरतो. पुढच्या रंध्रांतून हवा आत येते व मागच्या रंध्रांतून बाहेर जाते, म्हणजे तिला बऱ्याच अंशी एकच दिशा मिळते.

आता रक्ताकडे वळू. माणसाच्या एक लिटर रक्तात साधारण 200 मिलिलिटर प्राणवायू मावतो. हिमोग्लोबिन काढून टाकले तर उरलेल्या पाण्यासारख्या द्रवात जेमतेम 3 मिलिलिटर मावेल. ज्याला फुप्फुसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत प्राणवायू न्यायचा आहे, त्याला हिमोग्लोबिनवाचून गत्यंतर नाही. कीटकाला ती गरजच नसल्यामुळे त्याचे रक्त पाण्यासारखे, पिवळसर किंवा हिरवट असते. तुम्ही पाहिलेल्या पाण्यात हे रक्त असते, तसेच आतड्यातील चघळलेल्या पानांचा रसही असतो. हे रक्त निरुपयोगी मात्र मुळीच नाही. ते अन्नरस आणि संप्रेरके शरीरभर फिरवते, टाकाऊ द्रव्ये उत्सर्जनाच्या नळ्यांकडे नेते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी वागवते आणि जखम झाल्यास तिथे काळसर खपली धरते. कात टाकताना जुनी त्वचा फोडायला आणि नव्या फुलपाखराचे दुमडलेले पंख उलगडायला लागणारा दाबही तेच पुरवते. त्याला फिरवणारे हृदय म्हणजे पाठीच्या मधोमध गेलेली एक लांब नळी. पातळ त्वचेच्या अळीच्या पाठीवर ही रेषा आकुंचन पावताना स्पष्ट दिसते. रक्त मागून पुढे ढकलले जाते, डोक्याकडे मोकळ्या पोकळीत सांडते आणि अवयवांना भिजवत परत येऊन नळीच्या बाजूच्या छिद्रांतून पुन्हा आत शिरते.

डास चिरडल्यावर दिसणारे लाल रक्त आपले किंवा गुराढोरांचे असते, आणि माशी चिरडल्यावर दिसणारा लाल रंग तिच्या डोळ्यांतील रंगद्रव्याचा असतो. खरा अपवाद हवा असेल तर बरेच दिवस न उपसलेल्या हौदाच्या तळाचा गाळ पाहा. त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या न चावणाऱ्या एका डाससदृश माशीच्या असतात. गाळात प्राणवायू फार कमी असल्यामुळे त्यांच्या रक्तात खरोखरच हिमोग्लोबिन असते.

एक इतिहासही सांगतो, कारण तो तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि रक्त धमनीतून शिरेत कसे जाते, हे कोडे सुटले. त्याच माल्पिगींनी 1669 मध्ये रेशीमकिड्याची चिरफाड करून त्याच्या श्वासनलिकांचे वर्णन केले आणि रंध्रांना तेल लावल्यास किडा मरतो, हेही दाखवले. प्राण्यांच्या दोन सर्वस्वी वेगळ्या व्यवस्थांचे दरवाजे एकाच माणसाने उघडावेत, याचे मला आजही अप्रूप वाटते.

विंचू कीटक नाही, तो कोळ्याच्या गोत्रातला. त्याच्या पोटाखाली पानापानांच्या रचनेच्या फुप्फुसांच्या चार जोड्या असतात, आणि त्याचे रक्त प्राणवायू वाहते. परंतु त्यात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते, म्हणून प्राणवायू मिळाल्यावर ते निळसर दिसते. खेकड्यातही हिमोसायनिनच असते. त्याचे कल्ले कवचाखाली ओलसर राहतात, तोवर तो धानाच्या बांधीवर पाण्याबाहेरही निभावून नेतो. गांडुळाला कल्लेही नाहीत आणि फुप्फुसही नाही. ओल्या त्वचेतून प्राणवायू आत शिरतो आणि रक्तात विरघळलेले हिमोग्लोबिन तो वाहून नेते, म्हणूनच गांडूळ लालसर दिसते. त्वचा सुकली की त्याचा श्वास थांबतो.

उत्तर : कृषी सहायक (जि. अकोला)

प्राध्यापक सरांनी पाया घालून दिला आहे, मी फवारणीपुरते लिहितो.

नुसत्या पाण्याने मावा का मरत नाही, याचे उत्तर वरच आले आहे: मेणचट रंध्रांत पाण्याचा थेंब शिरत नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, ते अंगावर पसरते आणि रंध्रांतही जाऊ शकते. त्याशिवाय साबण किडीच्या अंगावरील मेण व मऊ त्वचेच्या पेशी यांचीही हानी करतो, म्हणून मृत्यू केवळ गुदमरण्याने होतो असे समजू नये. तेलाच्या बाबतीत रंध्रे बुजणे हे मुख्य कारण आहे. या दोन्ही उपायांची मर्यादा अशी की द्रावण किडीच्या अंगाला प्रत्यक्ष लागले पाहिजे. पानावर सुकलेल्या साबणाचा नंतर येणाऱ्या किडीवर परिणाम होत नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते आणि तिने केलेले छिद्रही पुढे बुजून जाते, त्यामुळे तिच्या रंध्रांपर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणूनच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना पकडणारे), वेळेवर वेचणी आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या वावरात उभ्या न ठेवणे यांवर आमचा भर असतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावरील पांढरा मेणचट थरही द्रावण अडवतो. तिथे साबण मिसळल्याने फरक पडतो.

निंबोळी अर्काविषयी एक गैरसमज आढळतो. 5 टक्के निंबोळी अर्काचे मुख्य काम श्वास कोंडणे हे नाही. त्यातील अझाडिरॅक्टिनमुळे अळी खाणे सोडते आणि तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडते, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून लगेच तीव्र औषधाकडे वळू नये.

बाजारातील बहुतेक तीव्र कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाव घालतात. आपल्या शरीरातही तीच मज्जाव्यवस्था असल्यामुळे त्यांतील ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषध त्वचेतून किंवा श्वासातून आत गेल्यास छातीत स्राव दाटतात, श्वासाचे स्नायू दुबळे होतात आणि रुग्ण श्वास न घेता आल्याने दगावतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, उंच वाढलेल्या दाट पऱ्हाटीत उघड्या अंगाने शिरू नका, आणि डोळ्यांची बाहुली बारीक होणे, लाळ किंवा घाम सुटणे, दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पऱ्हाटीवाला :

सर, आणि कृषी सहायक भाऊ, आपले मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. आमच्या आजोबांच्या काळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवत आणि तिला सोंडे फारसे लागत नसत. पेव उघडल्याबरोबर उतरलेला माणूस मात्र मरू शकतो, असेही ते बजावत. या दोन्ही गोष्टींचा श्वासाशी संबंध आहे काय? आणि कीटकांची व्यवस्था इतकी सोपी आहे, तर कुत्र्याएवढा नाकतोडा का होत नाही?

उत्तर : कृषी सहायक (जि. अकोला)

संबंध थेट आहे. पेवाचे तोंड लिंपले की आतील दाणे, बुरशी आणि किडे मिळून उपलब्ध प्राणवायू वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. बंद साठवणुकीत तो 3 टक्क्यांच्या खाली गेला की धान्यातील कीड तग धरत नाही. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किड्यांची श्वासरंध्रे उघडीच राहतात आणि त्यांच्या अंगातील ओल उडून जाते. हल्ली मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात. तुरीची डाळ आणि हरभरा त्यांत औषधाशिवाय भुंगेऱ्यांपासून सुरक्षित राहतो, मात्र धान्य पूर्ण वाळलेले असले पाहिजे.

माणसाच्या बाबतीत आजोबांचे बजावणे अक्षरशः खरे आहे. प्राणवायू 10 टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते, आणि ती हरपण्याआधी गुदमरल्याची जाणीव होईलच असे नाही. पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. जुन्या, न वापरलेल्या विहिरींमध्येही हेच घडते. कंदील सोडून पाहण्याची पद्धत आहे. तो विझला तर उतरायचेच नाही, परंतु तो पेटता राहिला म्हणजे हवा सुरक्षित आहे असे मुळीच नाही, कारण विषारी वायूचा पत्ता कंदिलाने लागत नाही आणि ज्वालाग्राही वायू असल्यास कंदिलानेच भडका उडेल. तोंड उघडून पुष्कळ वेळ जाऊ द्यावा, पंख्याने हवा खेळवावी, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून तो वर उभ्या माणसांच्या हाती द्यावा. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू किड्याच्या पेशींमधील प्राणवायूचा वापर बंद पाडतो आणि झोपलेल्या माणसांच्या पेशींमध्येही तेच करतो.

उत्तर : बोडीकाठचा (जि. गोंदिया)

आम्ही पिढीजात ढीवर, म्हणजे मासेमार. पाण्यातल्या श्वासाविषयी थोडे लिहितो, कारण मालगुजारी तलावांवर उन्हाळ्यात मासळी मरते तेव्हा लोक लगेच कोणीतरी विष टाकले असे म्हणू लागतात.

एक लिटर हवेत जितका प्राणवायू असतो, त्याचा साधारण तिसावा भागच एक लिटर पाण्यात असतो, आणि पाणी तापले की तोही घटतो. 20 अंश तापमानाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे साडेसात. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. रोहू, कटला पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते पाणी गुदमरत असल्याचे लक्षण समजावे. माशांच्या कल्ल्यांत पाणी एका दिशेने आणि रक्त उलट दिशेने वाहते, त्यामुळे पाण्यातील बहुतांश प्राणवायू त्यांना काढून घेता येतो. पण मुळात पाण्यातच नसेल तर कल्ले काय करणार?

मरळ आणि मांगूर यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या कल्ल्यांच्या वर हवा धरण्याची खास जागा असते. मांगुरात तर ती झुडपासारखी फांद्याफांद्यांची असते. म्हणून आटलेल्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) चिखलातही ते जगतात. मोठी मरळ जाळ्यात पाण्याखाली अडकून वर येऊ शकली नाही, तर ती पाण्यातच गुदमरून मरते, हे ऐकून बाहेरगावच्या लोकांना नवल वाटते.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र (वर्धा)

बोडीकाठच्या दादांनी जे लिहिले ते एखाद्या प्राणिशास्त्राच्या वर्गात जसेच्या तसे सांगावे इतके नेमके आहे.

कुत्र्याएवढ्या नाकतोड्याविषयी: पसरण्याने पोहोचणाऱ्या वायूला अंतर दुप्पट झाले की चौपट वेळ लागतो. शरीर मोठे होत गेले की नळ्या लांब कराव्या लागतात, रुंद कराव्या लागतात आणि अंगातली अधिकाधिक जागा नळ्यांनाच द्यावी लागते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी मेगॅन्यूरा नावाचा चतुरासारखा कीटक होता, त्याचे पसरलेले पंख 65 सेंटिमीटरांच्या आसपास भरत. त्या काळी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त, 30 टक्क्यांच्या घरात असावा, असा अंदाज आहे आणि अनेक संशोधक त्याच्या आकाराचे श्रेय त्याला देतात. मला मात्र हे एकच कारण पुरेसे वाटत नाही. तेव्हा आकाशात पक्षी नव्हते, आणि बाह्य कवचाचे वजन व कात टाकतानाचा धोका यांच्या मर्यादाही आहेतच.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका (जि. वाशीम)

सर, हे सारे सातवी-आठवीच्या मुलांना कीटक न मारता दाखवता येईल का?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र (वर्धा)

ताई, नक्की दाखवता येईल. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडांच्या खोडांवर रातकिड्यांसारख्या कर्कश आवाज करणाऱ्या सिकाडाची रिकामी कात चिकटलेली सापडते. नाकतोड्याची कातही गवतावर मिळते. ती भिंगाखाली धरा आणि पाठीवरच्या फटीतून आत पाहा. आतून लोंबणारे पांढरे धागे दिसतील. श्वासनलिकांचे अस्तर बाह्य त्वचेचाच भाग असल्यामुळे कात टाकताना कीटक तेही रंध्रांतून ओढून बाहेर टाकतो. मोठ्या नळ्यांचे वळ्यावळ्यांचे अस्तर पाहायचे असेल, तर एक धागा पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवून शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. जिवंत नाकतोडा पारदर्शक बरणीत थोडा वेळ ठेवून मुलांना त्याच्या पोटाची हालचाल मिनिटभर मोजू द्या, मग बरणी सावलीतून कोवळ्या उन्हात नेऊन पुन्हा मोजू द्या आणि शेवटी त्याला गवतात सोडा. ऊब वाढली की आकडा वाढतो, आणि तो का वाढला हे बहुतेक वेळा मुले स्वतःच सांगतात.